शांत वेळ

बॅग दाराशी उभी होती आणि घरातला प्रत्येक जण तिला वळसा घालून जात होता. निळी, चाकांची, नवीकोरी बॅग. आत्याने आणलेली. आतल्या प्रत्येक फ्रॉकवर तिने स्वतः बसून भिंगरीच्या नावाच्या पट्ट्या शिवल्या होत्या आणि शिवताना ती रडली होती, पण हे कुणाला कळलं असतं तर तिने त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

निवासी शाळेची गाडी उद्या येणार होती. म्हणजे, आज ठरलं तर. आत्याच्या मते ठरलेलंच होतं. आईच्या मते काहीच ठरलेलं नव्हतं. आणि बाबांचं मत काय आहे ते बाबांनाही माहीत नव्हतं. ते नाश्त्याच्या टेबलाशी उभे राहून मघापासून एकाच ब्रेडला लोणी लावत होते.

"आता त्याच्यावर रंग दे," आबा म्हणाले. "गिलावा झाला पुरेसा."

कुणीही हसलं नाही. रेडिओ हसली असती, पण तिच्या तोंडात अख्खं उकडलेलं अंडं होतं.

रेडिओ म्हणजे थोरली. पंधरा वर्षांची, आणि पाळण्यात असल्यापासून बंद न झालेली, म्हणून आबांनी ठेवलेलं नाव. धाकटी भिंगरी. तेही नाव आबांनीच ठेवलेलं, कारण ती आनंदात आली की खोलीच्या मधोमध हात पसरून फिरायची आणि फिरतच राहायची. भिंगरी नऊ वर्षांची झाली तरी एक शब्द बोललेली नव्हती. ऑटिझम हा शब्द घरात आला तेव्हा ती जेमतेम चालत होती. पहिलं वर्षभर सगळे त्या शब्दाशी पाहुण्याशी वागावं तसं जपून वागले, मग त्याचीही सवय झाली.

पण अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. भिंगरी फिरायची थांबली. स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायला लागली. ताट ढकलून द्यायची. खाल्लंच तर एका बाजूने, मान वाकडी करून. मागच्या आठवड्यात ती आईच्या मनगटाला अशी कडकडून चावली की तिथे अजून हिरवं-पिवळं होतं. शिवाय ते चमच्याचं खूळ! स्टीलचा चमचा फ्रीजमध्ये ठेवायचा, काढायचा, गालाला लावून बसायचं, पुन्हा ठेवायचा.

आत्ता ती टेबलाखाली होती. मांडीवर टॅब.

"मला थोडाच वेळ द्या," आई म्हणाली. "माझं हे अ‍ॅप परवा हॉस्पिटलच्या लोकांना दाखवायचंय. आधी तुम्ही बघा. मग काय ते ठरवा."

"बघून काय होणार आहे?" आत्याने कप खाली ठेवला. "बसते ती बटणं दाबत. कशीही, कुठेही. तुझ्या कष्टांना मी नावं ठेवत नाहीये हं. पण तू माझ्यापेक्षा लहान असून माझ्यापेक्षा म्हातारी दिसायला लागलीस. आरशात बघतेस का कधी?"

"ताई, तो विषय वेगळा आहे."

"तोच विषय आहे! मनगट दाखव."

आईने बाही खाली ओढली.

"आत्या, तू ना, हुकूमशहा आहेस," रेडिओ म्हणाली. अंडं एकदाचं गिळून झालं होतं.

"मुख्याध्यापिका आहे. तेच ते." आत्या भावाकडे वळली. "तू बोल ना काहीतरी. तूच म्हणालास ना मला फोनवर, की आता झेपत नाही?"

आईने बाबांकडे पाहिलं. असं पाहिलं की बाबांच्या हातातली सुरी जागच्या जागी थांबली.

"तू म्हणालास?"

"म्हणजे... असं नाही म्हणालो. म्हणालो की..." बाबांनी ब्रेड खाली ठेवला. "हो. म्हणालो."

रेडिओने ताटली बाजूला सारली. काल बाबा आईच्या बाजूला होते! निदान पायरीवर बसून आईला चहा तरी देत होते. रात्रीत केव्हा फिरले हे?

आईने टीव्हीचा रिमोट उचलला. दिवसभर ती ऑफिसात गोदामांच्या मालाचे प्रोग्रॅम लिहायची, पण हे जे तिने याच टेबलावर बसून, फोनवर स्पीच थेरपिस्टला विचारून विचारून घडवलं होतं, ते तिचं स्वतःचं होतं. अ‍ॅपचं नाव 'हाक'. स्क्रीनवर मोठाले चित्रांचे चौकोन. मुलाने चौकोन दाबला की आवाज येतो: पाणी, भूक, हवं, पुन्हा, संपलं. ज्यांच्या गावात थेरपिस्टच नाही, किंवा आहे पण वेळ मिळता मिळत नाही, त्यांनी मुलाचा छोटा व्हिडिओ पाठवायचा. मग लांब बसलेली थेरपिस्ट सांगणार, आता पुढचं चित्र कुठलं शिकवा, कसं शिकवा. काही कुटुंबं ते वापरूनही बघत होती. त्यांच्याकडून सूचना यायच्या आणि आई ऑफिसातून आली की पर्ससुद्धा न ठेवता त्या वाचायची.

टेबलाखालच्या टॅबचा पडदा समोर टीव्हीवर आला. वायर नाही, काही नाही. आबांनी चष्मा पुसला.

"अरे वा. पाणी आहे, भूक आहे, हवं आहे..." ते बोटाने हवेत चौकोन मोजत गेले. "नको कुठंय?"

"ते नंतर टाकणार आहे, आबा. आत्ताच दिलं तर ती सगळ्यालाच नको म्हणेल."

"मग? आपण काय करतो?"

आई उत्तर देणार, तेवढ्यात खोलीत कुणीतरी विव्हळलं.

"दुख-तं-यऽऽ! खिक्."

आत्याने दचकून चहा सांडला. "काय गं रेडिओ! ही काय थट्टेची वेळ आहे?"

"मी नाही बोलले!"

"दुख-तं-यऽऽ! खिक्."

आता सगळ्यांनीच पाहिलं. रेडिओचं तोंड बंद होतं. आणि रेडिओचा आवाज टीव्हीतून येत होता.

*

आपलाच आवाज आपल्या परवानगीशिवाय बोलायला लागला की कसं वाटतं, हे रेडिओला तोवर माहीत नव्हतं.

हाकचे सगळे शब्द तिच्याच आवाजात होते. आईने तिला कपड्यांच्या कपाटात बसवून रेकॉर्ड केले होते, आत घुमत नाही म्हणून. पाणी, भूक वगैरे तिने शहाण्यासारखं म्हटलं. दुखतंयची पाळी आली तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने नाटकातल्या जखमी राजासारखा सूर लावला आणि शेवटी तिचं तिलाच हसू फुटलं. आई म्हणाली होती, हे पुन्हा घेऊ. ते राहून गेलं.

"दुख-तं-यऽऽ! खिक्."

"थांबा, काहीतरी अडकलंय," आई म्हणाली. "बटण अडकलं असेल."

पण रेडिओ केव्हाच गुडघ्यांवर बसून टेबलाखाली वाकली होती. बटण अडकलं नव्हतं. भिंगरी बोटाने नीट, गुडघ्यावर पट्टी बांधलेल्या मुलाचा चौकोन दाबत होती. दाबायची आणि थांबायची. टेबलाखाली दिसणाऱ्या सगळ्या पायांकडे बघायची. आत्याच्या चपला, बाबांचे मोजे, आबांची काठी. पाय हलले नाहीत की पुन्हा दाबायची. रागाने नाही. सवयीने. दारावरची बेल वाजवून कुणी उघडत नाही, तरी उभं राहावं तशी.

"आई," रेडिओ म्हणाली, आणि तिच्या तोंडून पुढचं काही येईना. पंधरा वर्षांत प्रथमच! "आई, ती वाट बघतेय."

"संपलं," टीव्ही म्हणाला. "दुख-तं-यऽऽ! खिक्. संपलं."

आईने वर पाहिलं. टीव्हीवर अ‍ॅप एवढं मोठं तिने कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे टॅबवर बारीक दिसणारी कोपऱ्यातली चंद्रकोर आता ताटलीएवढी दिसत होती.

शांत वेळ.

आईने टीव्हीपाशी जाऊन त्या चंद्रकोरीवर बोट ठेवलं.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "अगं, काय झालं?"

"शांत वेळ चालू आहे."

"म्हणजे?"

"मी... मीच केलंय ते. सगळ्यांनी मागितलं होतं. बसमध्ये लोक वळून बघतात, पाहुणे येतात, धाकटं बाळ झोपलेलं असतं, थोडा वेळ आवाज बंद करता येईल का? मी करून दिलं. सगळ्यांना सगळ्यात जास्त तेच आवडलं." आई टीव्हीकडेच बघत होती. "चंद्रकोर दाबली की मुलाने काहीही दाबलं तरी चौकोन नुसता उजळतो. आवाज येत नाही. टॅबमधून येत नाही. टीव्हीला जोडला की आवाज तिथून येतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"पण आपल्याकडे कुणी चालू केलं?"

"आबांचं ऑपरेशन झालं तेव्हा. त्यांना झोप मिळावी म्हणून. मी म्हटलं, दोन दिवस."

आबांच्या ऑपरेशनचे टाके निघून ते आता बागेत फिरायला जात होते.

"माझ्यासाठी?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अगं, मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. भिंतभर टिकटिकीत झोपणारा माणूस मी. मला त्या पोरीच्या आवाजाचा काय त्रास होणार होता?"

"दुख-तं-यऽऽ! खिक्."

"बंद करा ते!" बाबा ओरडले. आणि लगेच, "नको, बंद नका करू," आणि मग सगळा राग एकाच दिशेला वळला. "तू तिला आवाज द्यायला निघालीस आणि तो बंद करायचं बटण आधी बनवलंस? आणि विसरलीस? तू?"

आई खाली बघत होती; बाही वर सरकली होती आणि मनगटावरचे दात स्पष्ट दिसत होते.

"ए," आत्या म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. मुख्याध्यापिका खरोखर चिडतात तेव्हा चढवत नाहीत.

"तिच्यावर कशाला ओरडतोस? टॅब टेबलाखाली आहे, तूही याच टेबलाशी जेवतोस. चौकोन उजळताना तुला दिसला नाही? मला दिसला. मी येते तेव्हा दर वेळी दिसतो. मी म्हटलं, कशीही दाबते." तिने कपाळावर हात ठेवला. "मी मघाशीच म्हटलं. तिच्यासमोर. ती खाली बसलेली असताना."

बाबा उभेच राहिले. थोड्या वेळापूर्वी ही बहीण त्यांच्या बाजूची होती. आता त्यांच्या बाजूला कुणीच नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते स्वतःसुद्धा नव्हते.

*

"कुठे दुखतंय, सोन्या?" आई टेबलाखाली जाऊन विचारत होती. "पोटात? पायात? कुठे?"

भिंगरी टॅबकडे बघत राहिली. कुठे दुखतंय याचा चौकोन नव्हता. पट्टी बांधलेला गुडघा होता, पण तिचा गुडघा दुखत नव्हता.

ती टेबलाखालून बाहेर आली. बॅगेला वळसा घालून फ्रीजशी गेली, चमचा काढला, गालाला लावला.

"हे खूळ तेवढं..." आत्याने सुरुवात केली आणि ओठ मिटून घेतले.

बाबा भिंगरीकडे बघत होते. डावा गाल. तिरकी मान. गार चमचा. एका बाजूने चावणं.

बाबा एका डेंटल लॅबमध्ये दात बनवायचे. हाच त्यांचा धंदा. दंतवैद्य आपल्या पेशंटांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे, बाबा त्यात प्लास्टर ओतून साचे काढायचे आणि त्यांवर कवळ्या, कॅपा, ब्रिज बसवायचे. कुणाची खालची दाढ किती झिजली ते ते साचा नुसता हातात घेऊन सांगायचे. फुटके, बिघडलेले साचे ते भिंगरीसाठी घरी आणत. तिला ते फार आवडायचे. खिडकीच्या कट्ट्यावर तिने जबड्यांची रांग लावली होती, सगळे बाहेर रस्त्याकडे तोंड करून. येणारे-जाणारे घाबरायचे.

मात्र भिंगरी तोंडाला हात लावू देत नसे. घासायला ब्रश तिचा तीच धरायची. बाबांनी तिच्या तोंडात शेवटचं केव्हा पाहिलं होतं? त्यांना आठवेना. दिवसभर परक्या लोकांचे दात!

ते खिडकीशी गेले. एक खालचा जबडा उचलला आणि भिंगरीसमोर जमिनीवर ठेवला. विचारलं काहीच नाही. स्वतः भिंतीला टेकून खाली बसले.

भिंगरीने जबड्याकडे पाहिलं. तिने तो एकदा गर्रकन फिरवला, तिच्या सवयीने. थांबल्यावर नीट सरळ केला. मग गालावरचा चमचा काढला आणि त्याचं गार टोक डाव्या बाजूच्या मागच्या दाढेवर ठेवलं. अलगद. कुणाच्या तरी कपाळावर पाण्याची पट्टी ठेवावी तसं.

मग ती टेबलाखाली गेली आणि टॅब दाबला.

"दुख-तं-यऽऽ! खिक्."

रेडिओने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. ते 'खिक्' तिचं होतं. इतके दिवस भिंगरीचं दुखणं, आवाज आला असता तरी, हसतच आलं असतं.

बाबा जमिनीवरून उठले नाहीत. तिथूनच त्यांनी फोन लावला. "डॉक्टर, मी लॅबमधून... नाही, नाही, तुमच्या कॅपचं नाही. माझी मुलगी आहे." आणि त्यांना पुढे बोलता येईना. आत्याने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सगळं व्यवस्थित, मुद्देसूद सांगितलं, जसं काही ती दाढ तिच्याच शाळेत शिकत होती. मग त्याच फोनवरून तिने आणखी एक नंबर लावला.

"उद्या गाडी पाठवू नका," ती म्हणाली. "नाही, पुढच्या आठवड्यातही नको. मी सांगते म्हणून नको."

*

भूल देऊन दाढ काढावी लागली. मुळाशी पू झाला होता. दंतवैद्यीण बाबांना ओळखत होती, त्यांच्या हातच्या कॅपा वर्षानुवर्षं बसवत होती, तिने ती दाढ त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाली, "मोठ्या माणसाने पहिल्याच रात्री येऊन माझं दार फोडलं असतं." बाबांनी ती दाढ मागून घेतली. लॅबमध्ये त्यांच्या टेबलावर, दिव्याखाली, ती अजून आहे.

आईने हॉस्पिटलच्या लोकांना अ‍ॅप दाखवलंच. सगळ्यात आधी चंद्रकोर दाखवली आणि ही मी का काढून टाकतेय ते सांगितलं. वापरणाऱ्या कुटुंबांनाही कळवलं. एका आईचा रागाचा निरोप आला: तुम्हाला बसने जावं लागत नाही वाटतं? त्यावर आईने लिहिलं, तुमचं बरोबर आहे, बसचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, आपण मिळून शोधू. दुसऱ्या कुणाच्या वडिलांचा निरोप मात्र ती कितीतरी वेळ हातात धरून बसली होती. त्यात एवढंच होतं: आत्ता जाऊन बघितलं. आमचीही चालूच होती.

रेडिओ पुन्हा कपाटात बसली. दुखतंय नव्याने म्हटलं, साधं, हसू न आणता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि कोटाच्या धुळीमुळे झालेत असं तिने जाहीर केलं. आणि एक नवा चौकोन. आबांच्या हट्टाने.

त्याच्या पहिल्या दिवशी आत्याही आली होती. रिकामी बॅग परत न्यायला, असं म्हणाली. पण ती स्वयंपाकघरात आईशेजारी उभी राहून टोस्ट भाजत होती आणि आई तिला कुठल्याशा डॉक्टरची नक्कल करून दाखवत होती. बाबांनी लोणी मागितलं तर दोघींनी एकदमच "स्वतः घे" म्हटलं.

"मी सांगते, माझा हा टेक सगळ्यात भारी झालाय," रेडिओ टेबलाशी सांगत होती. "म्हणजे बघा, 'नको' म्हणायला सोपं वाटतं, पण रागीट वाटायला नको, रडकं वाटायला नको, मी सात प्रकारे म्हणून बघितलं, आणि मग आई म्हणाली की तू ना..."

"नको," टॅब म्हणाला.

सगळे थबकले. आईच्या हातातला चिमटा हवेतच.

"काय नको?" रेडिओ धावली. "टोस्ट नको? लोणी नको? भिंगरी, सांग ना, दूध नको? अगं आई, तिने दाबलं! तिने पहिल्याच दिवशी..."

"नको," टॅब म्हणाला. रेडिओच्याच आवाजात, अगदी स्वच्छ.

भिंगरी टोस्टकडे बघत नव्हती. दुधाकडेही नाही. ती रेडिओच्या तोंडाकडे बघत होती.

आबांना सगळ्यांच्या आधी कळलं. ते इतके हसले की त्यांना टाक्यांच्या जागी हात धरावा लागला.

रेडिओने तोंड उघडलं. मग मिटलं. खरंच मिटलं! खोलीत इतकं शांत झालं की फ्रीजची घरघर ऐकू आली. भिंगरीने वाट पाहिली. टेबलाभोवतीच्या प्रत्येक चेहऱ्याकडे एकेकदा बघून घेतलं. खात्री झाली, तसा तिने टोस्ट उचलला आणि डाव्या बाजूने कडकन चावला.